पेण-रोहा, व्हाया सस्पेन्शन!

पेणचे गणपती आणि पेणचे पोहे सगळ्या जगाला माहीत. गाडीवाल्यांना मात्र पेण आणखी एका कारणासाठी लक्षात राहतं. आपल्या गाडीचं सस्पेन्शन कितपत धड आहे, ते इथून पुढं कळतं. मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि दशक उलटलं तरी रस्ता काही पुरा झाला नाही. वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंडीची वळणं उतरून रोहा. पावसाळ्यात खिंडीत एसी लावावासाच वाटत नाही. आणि काच खाली केली की पुढच्या चाकापाशी 'खट्-खट्' स्वच्छ ऐकू येतं!

सोमवारी गाडी डीलरकडे. कॉफी मिळते, सोफा मिळतो, मग छापील कोटेशन पुढ्यात येतं. माझ्या कागदावर दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, त्यांची माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, अलाइनमेंट, लेबर. बेरीज 38 हजार!

आता हे लुटणं म्हणायचं का? सगळंच नाही. शॉक जोडीनंच बदलतात. एक नवा, एक थकलेला असला तर गाडी धड बसत नाही. शॉक उतरवलाच आहे तर माउंटिंग बदलणं शहाणपणाचं, कारण लेबर तेच. आर्म काढला की अलाइनमेंट आलंच. इथं घासाघीस करू नका.

खरा प्रश्न वेगळा: हे पार्ट गेलेत कशावरून? गाडी लिफ्टवर चढवा आणि स्वतः खाली जाऊन बघा. शॉकवरून तेल ओघळलंय का? बॉनेट दाबून सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबते, की डुलत राहते? लोअर आर्मचं तर नेहमीचंच. चिरलेला असतो तो रबरी बुश, बिल लागतं अख्ख्या आर्मचं. बॉल जॉइंटमध्ये प्ले असेल तर आर्म बदलणं ठीक. नाहीतर बाहेर प्रेसवर नुसता बुश बसवून मिळतो.

पुढच्या वीकएण्डला रोह्यात एका गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. धाटावच्या कारखान्यांमुळं इथं मेकॅनिकना कामाची वानवा नाही. त्यांनी टॉमी लावून आर्म हलवला, लिंक रॉड हातानं पिळून बघितला. "साहेब, शॉक कोरडे हायत, अजून चालतील. लिंक रॉड दोन्ही गेलेत, आन् डाव्या आर्मचा बुश चिरलाय." तेवढंच!

त्याच तीन गोष्टी डीलरकडे एकेक करून विचारल्या. "शॉक कुठं गळतोय, दाखवा ना." सल्लागार साहेबांनी कागद परत नेला आणि नवीन आणला, 11 हजारांचा. डीलरचा पार्ट अस्सल, वर वॉरंटी. त्यामुळं काम मी तिथंच केलं.

टॅक्सची ओळही वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या पार्टवर 18 टक्के जीएसटी आहे, त्याआधी बहुतेकांवर 28 होता. बॉक्सवरची एमआरपी सगळे कर धरून असते, तिच्यावर पुन्हा कर लावला असेल तर सरळ विचारा. ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि काढलेले जुने पार्ट डिकीत टाकायला सांगा, काम सुरू व्हायच्या आधीच.