शनिवारची राईड

मार्केट यार्डावर पोट असलेल्या घरात वीकेंड म्हणजे फक्त शनिवार. त्या दिवशी फळं-भाजीचा बाजार बंद. रविवारी मात्र आवक जोरात, आणि गाळ्यावर दिवाणजी असलेले आमचे बाबा दुपारपर्यंत कोणाच्याच हाती लागत नाहीत. ‘सॅटर्डे-संडे ऑफ’वाल्यांनो, तुमचा फंडा इथे चालत नाही!

त्यामुळे आमच्या सगळ्या सहली शनिवारच्या. माझ्या लहानपणी गोराईचं एस्सेलवर्ल्ड (१९८९ सालचं), बोटीतून जायचं. भाचरांच्या वाट्याला २०१३ साली सुरू झालेलं खोपोलीजवळचं इमॅजिका.

इतक्या सहलींनंतर एक गोष्ट पक्की कळली. ‘तिकिटाचे पैसे वसूल’ हा हट्ट फॅमिलीला जाम दमवतो. शिवाय पिशव्या सांभाळायला कोणीतरी बाकावर बसतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे आई. जुने अल्बम काढून बघा, राईडच्या एकाही फोटोत ती नाही. म्हणून हल्ली आमच्याकडे पिशव्यांची पाळी लावतो. मागच्या खेपेला आईने घोड्यांचा पाळणा तीनदा घेतला. उतरायलाच तयार नाही!

बाबांचं वेगळं. वर्षानुवर्षं पहाटे तीनला उठणारा माणूस; जेवण झालं की सावलीत आडवा. भाचरं उठवायला धावतात, मी अडवते. झोपू दे की, त्यांचीही सुट्टीच आहे ना!

परवा त्यांनीच विषय काढला, “एवढ्या लांब कशाला? पेशवे पार्कात फुलराणी आहे की. छप्पन्न सालापासून धावतेय.” यार्डापासून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. तिकिटाच्या रांगेत ते स्वतः उभे राहणार आहेत म्हणे. येत्या शनिवारी.