आवाजाची कळ

विमान उडावे पण त्याचा आवाज होऊ नये, ही इच्छा छंदिष्ट माणसाने मोठ्या कष्टाने पुरी करून घेतली; आणि ती पुरी होताच गेलेला आवाज परत कसा आणावा, या खटाटोपाला तो लागला. ही गोष्ट आहे मॉडेल विमानांची, म्हणजे जमिनीवर उभे राहून रेडिओच्या साहाय्याने उडवायच्या छोट्या विमानांची. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु त्यात गढलेले पुष्कळ जण आमच्या वयाचे किंवा त्याहून वडील असतात, आणि त्यांच्या या खेळाने आम्हाला एका गंभीर प्रश्नापाशी नेऊन सोडले, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०१९ च्या उन्हाळ्यात दक्षिण जर्मनीतील एका खेड्याच्या धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, आम्ही सहा आठवडे त्यांच्या जागी काम पाहिले. गावाबाहेर मॉडेल विमाने उडविणाऱ्या मंडळाचे गवताळ मैदान होते. मिस्सेला नियमाने येणारे एक निवृत्त यंत्रकारागीर आम्हाला तेथे घेऊन जात. या खेळाचा इतिहास आम्हाला त्यांच्याकडूनच प्रथम कळला.

पूर्वी ही विमाने इंधनावर चालत. मिथेनॉल, एरंडेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांचे मिश्रण जाळणारे एका सिलिंडरचे ते इंजिन मिनिटाला बारा हजार फेरे घेई. दर फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे सेकंदाला दोनशे. आवाज असा कर्कश, की गावेच्या गावे या खेळावर रुष्ट झाली आणि कित्येक मैदाने बंद पडली. ब्रिटनमध्ये तर १९८२ साली आचारसंहिता निघाली : सात मीटरवरून मोजलेला आवाज ८२ डेसिबलपेक्षा अधिक नसावा. आम्ही पाहिलेल्या मंडळातही रविवारी व दुपारच्या विश्रांतीच्या वेळी इंधनाच्या इंजिनांना बंदी होती. जर्मन माणसाला रविवारची शांतता अतिशय प्रिय आहे.

विजेवर उडण्याची खटपट मात्र फार आधीपासूनची. १९५७ साली ब्रिटनमध्ये कर्नल टॅपलिन यांनी विजेच्या मोटरवर रेडिओनियंत्रित विमान उडवून दाखविले. १९६० मध्ये फ्रेड मिलिट्की यांनी आखलेले विजेचे मॉडेल जर्मनीत ग्राउपनर कंपनीने बाजारात आणले. त्याचे नावच ‘सिलेंटियस’, अर्थात मौनी. पण त्या काळच्या बॅटऱ्या जड आणि दुबळ्या. चालू शतकाच्या आरंभी ब्रश नसलेल्या मोटरी आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या हाती आल्या, आणि मौनी विमाने इंधनाच्या विमानांच्या तोडीस तोड उडू लागली. शेजारी सुखावले. पंख्याची सळसळ तेवढी उरली.

आणि येथेच हुरहुर सुरू झाली. आमच्या त्या कारागिराने युंकर्स ५२ या तीन इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानाची प्रतिकृती दोन हिवाळे खपून बनविली होती. नालीदार पत्र्याची ती घडण आम्हीही बोटे फिरवून पाहिली. परंतु ती विजेवर उडाली तेव्हा त्यांना वाटले, ओळखीचा माणूस समोरून न बोलता निघून गेला. लहानपणी ऐकलेला तो घोगरा नाद त्यात नव्हता. मग त्यांनी विमानात आवाज बसविला.

त्याची रचना मोठी मनोरंजक आहे. विमानातील रिसीव्हर मोटरला वेग सांगण्यासाठी सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एक सूक्ष्म ठोका धाडतो. ठोका एक सहस्रांश सेकंदाचा असेल तर मोटर थांबलेली, दोन सहस्रांशांचा असेल तर पूर्ण वेगात. काडेपेटीएवढे एक यंत्र हाच ठोका चोरून ऐकते आणि त्यानुसार साठवलेले ध्वनिमुद्रण वाजविते : इंजिन सुरू होतानाची खोकल्यासारखी उबळ, मग मंद गुरगुर, मग चढत जाणारी गर्जना, शेवटी विझतानाचे आचके. हे सर्व खऱ्या इंजिनापाशी मायक्रोफोन धरून टिपलेले असते.

अडचण असते ती स्पीकरची. युंकर्सच्या प्रत्येक इंजिनाला नऊ सिलिंडर. त्यातील प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला केवळ ४५ स्फोट होतात. इतका खर्जातला स्वर काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. तळहाताएवढ्या स्पीकरचे ते काम नव्हे. म्हणून विमानाच्या अंगाला आतून एक कंपक चिकटवितात. त्याला स्वतःचा कागदी पडदा नसतो. तो विमानाची काया थरथरवितो आणि ती कायाच स्पीकर बनते. आपल्याकडच्या घुमटाची येथे आठवण व्हावी. थाप पडते कातड्यावर, घुमतो मात्र मातीचा घट. तीन इंजिनांचे फेरे तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे खऱ्या विमानाच्या नादात एक संथ हेलकावा असतो. तोही त्या कारागिरांनी साधला होता. रेडिओच्या पेटीवर एक कळ होती. ती फिरविली की आवाज लहानमोठा होई, आणि बंदही.

हा आवाज खोटा, असे कोणी म्हणेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. परंतु विचार करता ध्यानात आले, की इंधन जाळणारे पूर्वीचे छोटे इंजिन कधीच मोठ्या विमानासारखे बोलत नव्हते. त्याचा आवाज अस्सल होता, पण तो त्या विमानाचा नव्हता. शिवाय येथे फसवणूक कोणाची होत नाही. मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, की आत बॅटरी आहे. आमच्या लहानपणी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून आम्ही वसईच्या वाड्यांतून ‘मोटारसायकली’ फिरवीत असू, तेव्हा तरी कोण फसत होते? आणि कृत्रिम आवाज कधी कधी दयेपोटीही घातला जातो. विजेच्या मोटारींची चाहूल लागत नाही, अंध पादचाऱ्यास धोका होतो; म्हणून युरोपीय संघाने अशा नव्या मोटारींना संथ गतीत आवाज करण्याचे बंधन घातले. १ जुलै २०१९ पासून नव्या बनावटींना आणि १ जुलै २०२१ पासून सर्व नव्या गाड्यांना ते लागू झाले. तेव्हा आवाज खरा की खोटा, याहून तो कोणाच्या कानी पडतो, हा प्रश्न मोठा आहे.

त्याच मंडळात एका तरुण सभासदाचे युंकर्स ८७ होते. हे ‘श्टुका’ बाँबफेके विमान दुसऱ्या महायुद्धात उभा सूर मारून खाली येई. त्याच्या पायांवर वाऱ्याने फिरणारे भोंगे बसविलेले असत. विमान चालण्यास त्यांची कसलीच गरज नव्हती; उलट त्यांनी वेग काहीसा घटे. खालच्या माणसांच्या काळजात धडकी भरावी, एवढ्याचसाठी ते होते. त्यांना नाव दिले होते ‘यरीहोची तुतारी’. यहोशवाच्या पुस्तकात याजकांच्या रणशिंगांनंतर नगराचा तट कोसळतो. येथे तटाऐवजी माणसांचे धैर्य कोसळावे, असा हेतू. विमानाला मुद्दाम जोडलेल्या आवाजाचे हे बहुधा सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण. त्या तरुणाच्या प्रतिकृतीत हा भोंगाही ध्वनिमुद्रित होता, आणि एका रविवारी दुपारी तो गावावर घुमला. वीज असल्यामुळे नियमाने त्यास आडकाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास निघालो, तेव्हा पोलंडमधून लेकीकडे राहावयास आलेल्या एका ८६ वर्षांच्या आजी खिडक्या लावून बसल्या होत्या. सप्टेंबर १९३९ मध्ये त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. इतकेच विचारले, “फादर, काल तुम्हीही ते ऐकलेत ना?” आपल्यालाच भास झाला की काय, याचे त्यांना भय वाटत होते. लेकीने सांगितले, की रात्रभर त्या अंथरुणाला टेकल्या नव्हत्या.

ही गोष्ट मंडळास सांगावी काय, असे आम्ही त्यांना विचारले. बराच वेळ थांबून त्या म्हणाल्या, “सांगा. पण माझे नाव नको. आणि विमाने बंद करू नका म्हणावे, मुलांना आवडतात.”

आम्ही सांगितले. तरुण आधी थोडा वाद घालू लागला. इतिहास तो इतिहास, प्रतिकृती करायची ती पूर्ण करावी, असे त्याचे म्हणणे, आणि त्यात तथ्य नव्हते असेही नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, की हा आवाज त्याने केवळ चित्रपटांतून ऐकला होता. तो प्रत्यक्ष ऐकलेले कोणी अजून हयात असेल, हे त्याच्या मनातच आले नव्हते. पुढच्या रविवारी त्याचे विमान उडाले. भोंगा वाजला नाही. युंकर्स ५२ मात्र पूर्वीप्रमाणे घुमत राहिले. त्यावर आजींची हरकत नव्हती.

पूर्वीच्या इंजिनाला आवाज करायचा की नाही, हे ठरविता येत नसे. तो यंत्राचा स्वभाव होता. आज तो आपण निवडतो, आणि जे निवडले त्याचे उत्तरदायित्व निवडणाऱ्यावर येते. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना उघड्यावर मनाई केली. वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरविली. लग्नकार्यात आणि सणासुदीला त्यांचे काय होते, ते वाचक जाणतात. पण हे नियम काटेकोर पाळले तरी काम संपत नाही. नियमाला वेळ कळते, डेसिबल कळतात. भिंतीपलीकडे कोण निजले आहे, कोणाला कोणता सूर सोसवत नाही, हे त्याला कळत नाही. ते शेजाऱ्याकडे जाऊनच विचारावे लागते.