नवख्याची डर्ट बाइक: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला पेट्रोल पेटते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. बाकीचे बहुतेक फरक इथूनच निघतात. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो आणि झाकतो. इंजिन हलके राहते, सुटे भागही कमी. पण ताजी हवा आणि पेट्रोल क्रँककेसमधूनच वर जात असल्याने तिथे वंगणाचे तेल साठवता येत नाही. ते पेट्रोलबरोबरच आत जावे लागते. जुनी चेतक स्कूटर वापरलेल्यांना पेट्रोल पंपावरचे टूटी ऑइल आठवत असेल. आरएक्स १०० या मोटरसायकलला तेलाची वेगळी टाकी होती. मोटोक्रॉसच्या बहुतेक टू-स्ट्रोकना ती नसते. पाच लिटर पेट्रोलमध्ये ५०:१ प्रमाणासाठी १०० मिलिलिटर आणि ४०:१ साठी १२५ मिलिलिटर तेल स्वतः मोजून घालावे लागते. एकदा विसरले तरी पिस्टन जाम होतो.

इंजिनाआधी गाडी कुठे चालवता येईल हे पाहावे लागते. डब्लिनच्या पश्चिमेच्या क्लोनडॉकिनमध्ये डर्ट बाइकला स्क्रॅम्बलर म्हणतात. उपनगराला कॉर्का पार्क आहे, ग्रँड कॅनॉलचा काठ आहे, पण स्क्रॅम्बलर या दोन्ही ठिकाणी नेता येत नाही. उद्यानांत आणि मोकळ्या मैदानांत अशा गाड्यांनी उच्छाद मांडल्यावर आयर्लंडने २०२३ साली वाहतूक कायदा कडक केला, आणि सार्वजनिक रस्त्याबाहेर चालणाऱ्या स्क्रॅम्बलरवर कारवाई करण्याचे, त्या जप्त करण्याचे अधिकार पोलिसांना, म्हणजे गार्डांना, मिळाले. त्यामुळे गाडी व्हॅनमध्ये चढवून मीथ किंवा विक्लोसारख्या काउंटीतल्या ट्रॅकवर न्यायची आणि संध्याकाळी चिखलासकट परत आणायची, असा हा छंद आहे. मधले आठवडे ती मागच्या अंगणातल्या शेडमध्ये उभी असते. निवड करताना इंजिनाच्या ताकदीइतकाच या दिनक्रमाचाही विचार करावा लागतो.

टू-स्ट्रोकची ताकद सगळ्या वेगांवर सारखी नसते. फुगीर सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, पण ही जुळणी ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच बसते. त्याखाली १२५ सीसीची रेसिंग गाडी मरगळलेली वाटते, आणि पट्ट्यात शिरताच उसळते. आरएक्स १०० चे पिकअप ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. त्या गाडीची ताकद ११ अश्वशक्ती होती. यामाहाची वायझेड १२५ त्याच्या सुमारे तिप्पट देते. आयर्लंडच्या ओल्या चिकणमातीत ही उसळी म्हणजे जागच्या जागी फिरणारे मागचे चाक. फोर-स्ट्रोक खालपासून एकसारखी ओढते, आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीला आवरते. उतारावर नवख्याला हा आधार मोठा वाटतो. टू-स्ट्रोकवर उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर.

म्हणून फोर-स्ट्रोक घ्यावी, एवढ्यावर विषय संपत नाही. १९९७ साली शर्यतपटू डग हेन्रीने लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर जिंकली, आणि पुढच्या काही वर्षांत शर्यतींचे चित्रच पालटले. १२५ सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर २५० सीसीची फोर-स्ट्रोक हे गणित रुळले. वायझेड २५०एफसारख्या या गाड्या स्वभावाने मवाळ नाहीत, आणि त्यांची देखभाल महाग पडते. ऑइल वारंवार बदलायचे, टॅपेटचे अंतर तपासायचे. एक व्हॉल्व्ह तुटला तर पिस्टन आणि हेड दोन्ही जाऊ शकतात. याउलट टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंग थोडा हात बसलेला माणूस घरच्या शेडमध्ये बदलू शकतो.

टू-स्ट्रोक हलकी असते हे वाक्यही जपून घ्यावे. ते रेसिंग गाड्यांपुरते खरे आहे: वायझेड १२५ साधारण ९५ किलोची, २५०एफ साधारण १०६ किलोची. पण हवेने थंड होणारी साधी टीटी-आर १२५ ही फोर-स्ट्रोक ९० किलोच्या आसपासच भरते. तिची सीट जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर आहे, वायझेडची जवळपास ९८ वर. मध्यम उंचीच्या माणसाला चिखलात पाय टेकता येणे हे कोणत्याही अश्वशक्तीहून मोलाचे. खरी निवड टू आणि फोर यांच्यात कमी, रेसिंग आणि ट्रेल गाडीत जास्त आहे.

शनिवार-रविवारी फिरू पाहणाऱ्या प्रौढ नवख्याने अशी साधी फोर-स्ट्रोक घ्यावी. होंडाची सीआरएफ १२५एफ याच जातीची. ज्याला शर्यतीच करायच्या आहेत आणि पान्याला हात लावायचा कंटाळा नाही, त्याच्यासाठी १२५ टू-स्ट्रोक ही उत्तम शाळा आहे: गिअर आणि क्लच चुकला की ती लगेच दाखवून देते. शर्यतीत उतरणाऱ्या मुलांना फारशी निवड नसते, कारण ६५ आणि ८५ सीसीचे वर्ग मुख्यतः टू-स्ट्रोकचेच आहेत.

जुनी गाडी घेताना आधी चासीचा नंबर पाहावा. खोडलेला असेल तर तिथूनच परतावे. घासलेली टू-स्ट्रोक नव्या पिस्टनने बऱ्याचदा सुधारते. इंजिन किती तास चालले याची नोंद नसलेली रेसिंग फोर-स्ट्रोक मात्र, कितीही स्वस्तात मिळाली तरी, नवख्याने घेऊ नये.