कोकमाशिवाय अळू

सूनबाईने दोन घास खाल्ले, तिसरा चमचा तोंडापर्यंत नेला, तो परत वाडग्यात ठेवला आणि म्हणाली, "छान झालंय, आई. खरंच छान."

तेहतीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर मुलांचे चेहरे काय होतात ते रोज पाहिलंय. 'छान' या शब्दाचे किती प्रकार असतात हे मला कुणी शिकवायला नको. हे 'छान' परक्या घरी जेवायला गेलेल्या माणसाचं होतं.

गार्चिंगला येऊन मला तेव्हा बारा दिवस झाले होते. म्युनिकच्या उत्तरेला, यू-सिक्स मेट्रोच्या टोकाला हे गाव आहे. १९९० पासून सरकारदरबारी ते शहर आहे, पण सावंतवाडीच्या बाईला संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसेल तर ते गावच. १९५७ साली इथे जर्मनीतली पहिली संशोधन-अणुभट्टी सुरू झाली. तिच्या अंड्याच्या आकाराच्या घुमटाचं इथल्या लोकांना इतकं कौतुक, की तो त्यांनी गावाच्या मानचिन्हावर घेतलाय. आजूबाजूला दुर्बिणीवाल्यांचं मुख्यालय, विद्यापीठ, संशोधनसंस्था. माझा मुलगा त्यांतल्याच एका संस्थेत, माक्स प्लांकच्या प्लाझ्मा भौतिकीत. कोट्यवधी अंश तापलेला वायू चुंबकांच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवायचा, असं त्याचं काहीतरी काम आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याची आणि काचेच्या शेगडीची गाठ पडणार आहे.

मी आले होते सुनेच्या बाळंतपणाला. बॅगेत डिंक, आळीव, सुंठ आणि अर्धा किलो आमसुलं. आमसुलांशिवाय मी कुठे जात नाही.

सून त्रिनिदादची. वडिलांकडचं मूळ भोजपुरी मुलखातलं, आईकडचं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं. तिला वाढवलं आईच्या आईने, ग्रॅनीने. मी पोचल्यानंतर पाचव्या दिवशी तिकडून फोन आला, ग्रॅनी गेली. सूनबाईला आठवा महिना सरत आलेला, विमानाचा प्रवास डॉक्टरांनी मना केलेला. अंत्यविधी तिने लॅपटॉपवर पाहिला. तिकडे सकाळचे दहा, आमच्याकडे दुपारचे तीन. चर्चमधली गाणी संपून पडदा बंद झाला तेव्हा बाहेर जानेवारीतला काळोख उतरायला लागला होता. त्यानंतर तिचं जेवणावरचं मन उडालं. मी पेज करून पाहिली, मऊ भात, मुगाचं कढण. ती नको म्हणत नसे, पण ताट तसंच राही.

एका संध्याकाळी मी विचारलं, तुला काय खावंसं वाटतंय? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "कॅलालू."

तिने फोनवर फोटो दाखवला. हिरवंगार, दाट, वर नारळाच्या दुधाची साय. कशाचं करतात? डशीनच्या पानांचं. डशीन म्हणजे? तिने दुसरा फोटो काढला आणि मी खुर्चीतून उठलेच. पाण्याच्या कडेला हत्तीच्या कानाएवढी पानं. "अगो बाय, ह्यां तर आमचां अळू!"

त्या आनंदात मी वाहवले हे कबूल करायला हवं. त्या पदार्थात अळू, भेंडी, भोपळा, नारळाचं दूध आणि खेकडा असतो म्हणे. आमच्या मालवणी स्वयंपाकघरातून यातलं काय वेगळं काढता येईल? मी तिला सांगून टाकलं की हे आपलंच. सातासमुद्रापार गेलं तरी आपलंच. दुसऱ्या दिवशी मुलाने आशियाई दुकानातून फिलिपिन्सच्या अळूची गोठवलेली पाकिटं आणली आणि मी सासूबाईंच्या पद्धतीने फदफदं केलं. शेंगदाणे, गूळ, ओलं खोबरं, आणि अर्थातच सहा आमसुलं.

आमसुलांचा प्रश्न चवीचाच नव्हता. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. म्हणून आमच्याकडे अळूला चिंच किंवा कोकम हवंच, ही लहानपणापासूनची शिकवण. पोटुशी सून आणि आंबट न घातलेलं अळू? माझा हात धजलाच नसता.

तर त्या फदफद्याला ते 'छान' मिळालं.

रात्री भांडी आवरताना मुलगा म्हणाला, "आई, तू तिला कॅलालू नाही दिलंस. तू तिला आपलं अळू दिलंस." मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

मग त्याने तिच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मावशीला टँटी म्हणतात. ही टँटी म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंचा अवतार: आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून पूर्ण उत्तर. मी आमसुलाचं सांगितलं. टँटीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आंबट? कॅलालूत?" तिने शेजारी बसलेल्या कुणाला तरी ते सांगितलं, आणि तिकडून दोघींचं हसू ऐकू आलं. खाज कशी जाते मग? शिजवायचं, म्हणाली. पानं विरघळेपर्यंत शिजवायचं, आणि तुला वाटेल झालं, तेव्हा आणखी शिजवायचं.

माझं 'आपलंच' किती उतावळं होतं ते त्या तासाभरात कळलं. त्रिनिदादमधली गुलामगिरी १८३८ मध्ये पुरती संपली, उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज हिंदुस्थानातून पहिले करारबद्ध मजूर घेऊन तिथे लागलं. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक गेले, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून. त्यांचं पुष्कळ काही तिथे टिकलंय. जिऱ्याला तिथे 'गीरा' म्हणतात, वांग्याच्या भरताला 'बैगन चोका', डाळीला फोडणी देण्याला 'चुंके', आणि वडिलांच्या आईला आजी. अळूच्या पानांना पीठ लावून, गुंडाळी करून तळतात, त्याला 'सहीना' म्हणतात. म्हणजे आमची अळूवडीच. टँटीने ते सांगितलं तेव्हा मी पुन्हा उसळले. पण कॅलालू त्या जहाजातून गेलेलं नाही. ते ग्रॅनीच्या माणसांचं. पश्चिम आफ्रिकेतून साखळ्यांत बांधून आणलेल्यांनी घातलेला तो घाट. जमैकात तर याच नावाची भाजी माठाच्या जातीच्या पानांची करतात. पान एक असलं म्हणून पदार्थ एक होत नाही, आणि मी तर तिच्या आजीच्या वाटीवर परस्पर माझ्या सासूचं नाव घातलं होतं.

टँटीने तासभर शिकवलं. मापं एकही नाही. "किती?" विचारलं की "पुरेसं". ही भाषा मात्र मला लगेच समजली. थाइम हवं, पातीचा कांदा हवा, लसूण हवा. 'शाडो बेनी' नावाची लांब, करवतीच्या कडेची पानं हवीत. तिकडचे हिंदी लोक त्यांना 'बनधनिया' म्हणतात, आणि वास खरंच कोथिंबिरीचाच, फक्त दुप्पट रागावलेला. शिवाय एक टोपीसारखी फुगीर, भयंकर तिखट मिरची, देठासकट अख्खी वर तरंगत ठेवायची. तिचा वास उतरला पाहिजे, तिखटपणा नाही. फुटली तर संपलं. आणि सगळं शिजल्यावर घुसळायचं. टँटीने कॅमेऱ्यासमोर एक लाकडी काठी धरली, टोकाला बोटांसारखे फुटवे. मी म्हटलं, रवी! आणि लगेच जीभ चावली. पण रवीला रवीच म्हणणार ना माणूस.

शनिवारी मुलाला घेऊन मी म्युनिकला गेले. शनिवारीच जाणं भाग होतं, कारण रविवारी जर्मनीत दुकानं बंद, आणि रविवारखेरीज कॅलालूला अर्थ नाही असं टँटीचं मत. तिकडे रविवारच्या दुपारी घरोघर हाच बेत असतो: कॅलालू, भात, कोंबडीचा स्ट्यू आणि मॅकरोनीचा चीज घालून भाजलेला थर, त्याला ते 'मॅकरोनी पाय' म्हणतात. झेंडलिंगर टोअरला उतरून लांडवेअर रस्त्याने चालत गेलो. त्या भागात तुर्की, अरबी, आफ्रिकी, आशियाई दुकानं एकाला लागून एक. तुर्की वाण्याकडे करंगळीएवढी कोवळी भेंडी मिळाली, आफ्रिकी दुकानात ती मिरची, थाई दुकानात बनधनिया आणि गोठवलेले, अर्धे कापलेले खेकडे. त्या खेकड्यांकडे पाहून वेंगुर्ल्याच्या बाजारातली कोळीण आठवली. तिने असे खेकडे मांजरालाही घातले नसते. पण जानेवारीत बव्हेरियात बसून नखरे कसले करता?

रविवारी सकाळी आधी कोंबडी. आणि इथे माझ्या सगळ्या संस्कारांना धक्का बसला. या स्ट्यूची सुरुवात साखर जाळण्याने होते. तेलात ब्राउन साखर टाकायची. ती वितळते, फेसाळते, फुगते, काळसर तांबडी होते. रंग आमसुलाच्या सालीसारखा आला की त्या क्षणी मसाला लावलेली कोंबडी आत. एक श्वास लवकर तर रंग फिका, एक श्वास उशिरा तर कडू. आयुष्यभर "करपलं का बघ गो" असं ओरडण्यात गेलेल्या बाईने आता मुद्दाम करपवायचं!

मला धीर होईना म्हणून मुलगा पुढे झाला. काचेच्या त्या शेगडीचं एक आहे, बटण बंद केलं तरी ती तापलेलीच राहते. त्याने योग्य वेळी बटण बंद केलं आणि शांतपणे कोंबडीचा वाडगा घ्यायला वळला. साखर तोवर पुढे निघून गेली होती. काळा धूर उठला आणि छतावरचं धूरसूचक यंत्र किंचाळायला लागलं. बव्हेरियात २०१७ संपेपर्यंत प्रत्येक घरात ते बसवणं सक्तीचं केलंय, आणि आमचं यंत्र भलतंच कर्तव्यदक्ष निघालं. चिरंजीव खुर्चीवर चढून टॉवेल हलवतायत, मी खिडक्या उघडतेय, बाहेरून बर्फाची हवा आत येतेय. झोपायच्या खोलीच्या दारात सूनबाई उभी, पोटावर हात ठेवून. नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "आणि हा माणूस सूर्य बनवणार आहे." त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं चेष्टेचं बोलणं.

दुसऱ्या खेपेला साखर मी केली. बटणावर विश्वास न ठेवता पातेलंच उचललं. गूळ-खोबऱ्याचा चव करणाऱ्या हाताला पाक कळतो, फक्त त्याला दोन पावलं पुढे जायची परवानगी द्यावी लागते.

मग कॅलालू. पानं, भेंडी, भोपळ्याच्या फोडी, कांदा, लसूण, थाइम, नारळाचं दूध, खेकडे. वर ती मिरची. पातेल्यासमोर मी पाऊण तास उभी होते, ढवळताना मिरचीला धक्का लागू नये म्हणून कडेकडेने डाव फिरवत, झोपलेल्या बाळाशेजारून केर काढावा तसा. आमसुलांची पिशवी वरच्या फळीवर होती. दोनदा माझा हात तिकडे गेला. एक तरी टाकू? कुणाला कळणार आहे? टँटी जवळजवळ आठ हजार किलोमीटरांवर. नाही टाकलं. त्याऐवजी आणखी वीस मिनिटं शिजवलं.

मिरची अख्खी बाहेर काढून बशीत ठेवली. घरात रवी नव्हती, अंड्यांच्या तारेच्या घोटणीने घोटलं. मग कुणाला न सांगता एक चमचा खाल्ला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. समोरच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ बर्फ बाजूला करत होते. त्यांचं अर्धं अंगण होईतो मी घसा तपासत होते. खवखव नाही. चव अनोळखी होती. आंबट नाही, गोड नाही, गुळगुळीत, समुद्राचा वास असलेली, आणि मिरचीचा फळासारखा सुगंध. आवडली का? खरं सांगायचं तर जिभेला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. काय राहिलंय ते मला माहीत होतं.

पानं वाढली. सूनबाईने भातावर कॅलालू घेतलं, एक घास खाल्ला. काही बोलली नाही. दुसरा घास. मग भुवया जवळ आल्या.

"पातळ झालंय," ती म्हणाली.

मुलाने तिला टेबलाखालून पाय मारला असावा, कारण तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"पातळच झालंय. ग्रॅनीचं भातावर घातलं की जागचं हलायचं नाही. आणि लसूण कुठाय यात? भोपळाही जास्त पडलाय, आई, गोडूस लागतंय." हे म्हणता म्हणता तिने डावाने आणखी घेतलं, खेकड्याची नांगी उचलून दाताने फोडली, ग्रॅनी भोपळा किती घालायची ते बोटांनी दाखवलं आणि बोटं चाटली. मुलगा म्हणाला, "मला तर मस्त वाटतंय." ती म्हणाली, "तुला काय कळतंय?"

माझ्या सासूबाई पहिली दहा वर्षं माझ्या अळूत असंच काहीबाही काढायच्या, आणि पातेलं त्याच संपवायच्या.

रात्री वही काढली. आधीच्या आठवड्यात 'कॅलालू' असं शीर्षक घालून जे लिहिलं होतं, त्यातले गूळ आणि शेंगदाणे खोडले, आमसुलं खोडली. खाली लिहिलं: नारळाचं दूध एकच डबा. भोपळा अर्धा. लसूण दुप्पट. आणि कंसात, मिरची फुटू न देणे.