कुठं घासतंय? कधी घासतंय?

चारचाकीचा पुढचा डावा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायला लागला, की तो आवाज गाडी चालवणाऱ्याच्या आधी शेजारी बसणाऱ्याला ऐकू येतो. आमच्या गाडीत ती जागा माझी. हुलसूरहून बसवकल्याणला जाताना ब्रेक लागला की पायाखालून ‘खर्र’ असा आवाज यायचा. आमचे हे म्हणायचे, ‘‘खडा अडकला असेल.’’ पण खडा काही फक्त ब्रेक दाबल्यावर वाजत नाही.

दिवस घाईचे होते. लेकीला सातवा महिना. कलबुर्गीला सासरी कुबसाचा कार्यक्रम ठरला होता आणि तिकडूनच तिला बाळंतपणाला घेऊन यायचं होतं. हुमनाबाद, कमलापूर करत अडीच-तीन तासांचा रस्ता, आणि येताना मागच्या सीटवर अवघडलेली पोर. एका शहरातल्या दुकानात दाखवलं, तर त्यांनी दोन उपाय सांगितले : चारही टायर बदला, नाहीतर घासणारं प्लास्टिक कापून टाका. ह्यांना दुसरा उपाय पटला. स्वस्त आणि दहा मिनिटांत होणारा! मला पटला नाही. ते प्लास्टिक चिखल-खडे अडवायला असतं. शिवाय ते तिथंच होतं. टायर त्याच्याकडे का सरकला, हे कुणीच सांगत नव्हतं.

शेवटी गावातल्या मेकॅनिककडे गेलो. त्या मुलानं हत्यार उचलण्याआधी दोनच प्रश्न विचारले, ‘‘अक्का, यल्ली तागतद? यावाग तागतद?’’ मी मराठीत सांगत होते, तो कन्नडमध्ये विचारत होता. आपल्याकडे त्यात नवल ते काय! पण या दोन प्रश्नांतच सगळं निदान आहे, हे तेव्हा समजलं.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर दोन्ही बाजूंना घासत असेल, तर आधी टायरचा आकडा बघायचा. १४५/८० याचा अर्थ रुंदी १४५ मिलिमीटर आणि उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे ११६. त्याच रिंगवर १५५/८० चढवला तर उंची १२४ होते, म्हणजे टायर चहूबाजूंनी ८ मिलिमीटर पुढे येतो. फक्त खड्ड्यात घासत असेल, तर स्प्रिंग किंवा शॉकअॅब्सॉर्बर बसलेला असू शकतो. वेगात वाऱ्यानं फडफडून लागत असेल, तर प्लास्टिकची क्लिप निघालेली असते. ते काम किरकोळ. पण एकाच बाजूला आणि ब्रेक लावल्यावर घासत असेल, तर चाक जागेवरून हलतंय.

आमच्या टायरचा आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच होता. मग त्यानं स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्ड यांच्यामधलं अंतर मोजलं. डावीकडे मागच्या अंगाला एक बोटभर जागा कमी! प्लास्टिकवरची घासल्याची चकाकीही नेमकी तिथंच. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, त्यानं खालच्या आर्मला टॉमीनं रेटा दिला. आर्मचा मागचा रबरी बुश चिरला होता. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि ते धरून ठेवायचं काम या बुशचं. तोच सैल झाला, की चाक मागे सरकतं नि गाडी एका बाजूला ओढते.

बुश दुसऱ्या दिवशी मिळणार होता, आणि निघायचं होतं त्याच दिवशी पहाटे. हे म्हणाले, ‘‘हळू चालवतो, मुहूर्त चुकवायचा का?’’ मी सरळ विहीणबाईंना फोन लावला. वाटलं, रुसतील. त्या म्हणाल्या, ‘‘गाडी सरी माडकोंड बर्री, निधान बर्री.’’ कार्यक्रम त्यांनी दुसऱ्या दिवसावर नेला. एवढा समजूतदारपणा प्रत्येक लेकीच्या सासरी असो!

बुश बसला, त्यानंतर अलाइनमेंट करून घेतलं. टायर आतून फिरवून पाहिला, कुठं चीर किंवा आतला धागा दिसतोय का म्हणून. तसं दिसलं असतं, तर तो टायर बदलावाच लागला असता, कारण कडेला कापलेला टायर वेगात फुटू शकतो. आमचा बचावला. परतताना कमलापूरला तांबड्या केळ्यांसाठी थांबलो. ब्रेक लागला, आणि काहीही वाजलं नाही. लेक मागे गाढ झोपलेली होती.

गॅरेजला जाण्याआधी आपणही दोन गोष्टी करू शकतो. मोकळ्या जागी टायरच्या कडेला खडू लावावा, गाडी सावकाश दोन्हीकडे वळवावी आणि खडू आत कुठं उमटला ते बघावं. मग कुठं घासतंय, कधी घासतंय हे कागदावर लिहून न्यावं. मराठीत लिहा की कन्नडमध्ये, चांगल्या मेकॅनिकला तेवढं पुरतं. आणि कारण न सांगता कुणी कापायला निघालंच, तर त्याला आधी ‘का?’ म्हणून जरूर विचारावं.