गिअर पडेना

होंडाने १९९८ मध्ये ‘फोरट्रॅक्स फोरमन ४५० ईएस’ ही एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी चारचाकी, अमेरिकेत आणली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या डाव्या पायाचं एक काम गेलं. बर्फात, चिखलात जाड बूट घालून गिअर टाकणं जिकिरीचंच. आता डाव्या मुठीपाशी दोन बटणं आली, एक गिअर वर न्यायला आणि एक खाली आणायला. समोरच्या छोट्या पडद्यावर कितवा गिअर आहे तो आकडा दिसू लागला. पुढे ‘रँचर’सारख्या गाड्यांतही हीच सोय आली. यातल्या बऱ्याच गाड्या आजही कामावर आहेत, आणि त्यांतली एखादी मेकॅनिकच्या दारात येते तेव्हा तक्रार बहुधा एका वाक्याची असते: बटण दाबलं तरी गिअर पडत नाही. पडद्यावर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा लुकलुकत असतात.

इथे बहुतेक जण थेट वायरिंगला हात घालतात. बटण विजेचं, मोटर विजेची, तेव्हा बिघाडही विजेचाच असणार, असा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे.

कारण या गाडीची गिअरपेटी जुन्याच घराण्यातली आहे. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबमध्ये हाताचा क्लच नव्हता. इंजिनचा वेग वाढला की क्लच आपोआप पकडायचा आणि गिअर पायाने पडायचा. आपल्याकडे १९९७ च्या सुमारास आलेली ‘हीरो होंडा स्ट्रीट’ ज्यांनी चालवली, त्यांना ही चाल ठाऊक आहे. फोरमनमध्ये पायाच्या जागी मोटर बसवली, एवढाच मोठा फरक. मोटर दातेरी चाकांच्या जोडणीतून एक स्पिंडल फिरवते. स्पिंडल फिरताना आधी क्लच सोडवतो, मग गिअरचा ड्रम सरकवतो, आणि परत जागेवर येताना क्लच पुन्हा पकडू देतो. स्पिंडल किती फिरला हे अँगल सेन्सर सांगतो, गिअर कोणता पडला हे गिअर पोझिशन स्विच सांगतो. दोन्ही साक्षी जुळल्या नाहीत तर कंट्रोल युनिट काम थांबवतं आणि पडद्यावर रेघा उमटतात.

म्हणून चांगला कारागीर मल्टीमीटरच्या आधी पाना शोधतो. या गाड्यांच्या टूलकिटमध्ये एक खास पाना येतो. इंजिनबाहेर डोकावणाऱ्या स्पिंडलच्या टोकावर तो बसतो, आणि मोटरचं काम हाताने करता येतं. कंपनीने तो दिला तो रानात अडकलेल्या माणसाला न्यूट्रल सापडावा म्हणून. पण वर्कशॉपमध्ये त्याच्याइतकं शहाणं हत्यार दुसरं नाही. इंजिन बंद ठेवून, गाडी थोडी पुढेमागे हलवत पान्याने पाची गिअर टाकून बघायचे. गाडी हलवायची ती गिअरचे दाते समोरासमोर अडून बसतात म्हणून. गिअर नीट पडले तर पेटी निर्दोष, मग वायरिंगकडे वळावं. हातालाच अडलं, तर मोटरला कसं जमणार?

अडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे बिघडलेलं क्लच अ‍ॅडजस्टमेंट. क्लच पुरता सुटला नाही की मोटर सगळा जोर लावूनही ड्रम हलवू शकत नाही. क्लचच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूचा लॉकनट ढिला करायचा, स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने जरा अडेपर्यंत फिरवायचा, मग सुलट पाव फेरा आणायचा, आणि स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा. पाच मिनिटांचं काम, पण तेवढ्याने नवीन मोटरचा खर्च वाचू शकतो.

आता वीज. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते, एवढ्यावर विसंबणं चुकीचं. मोटर वीज ओढते त्या क्षणी काय होतं ते महत्त्वाचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांगावं. आकडा शून्याच्या जवळपास राहायला हवा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंगमध्ये दोष आहे असं समजावं. मोटर फिरत नसेल तर ती सोडवून थेट बॅटरीला जोडून बघता येते. चिखलाच्या गाडीत ओलावा आत शिरतो, मोटरमधले कार्बन ब्रश अडकतात. कधी साफसफाईनेच मोटर पुन्हा फिरू लागते.

सर्वांत फसवा भाग अँगल सेन्सर. तो आतून रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच असतो: एका पट्टीवरून सरकणारा संपर्क. पट्टी एका जागी झिजली की तेवढ्याच टप्प्यावर खबर तुटते, बाकी सगळं ठीक दिसतं. म्हणून गाडी कधी चालते, कधी नाही. इथे डिजिटलपेक्षा काट्याचा जुना मीटर सरस. सेन्सरचं सॉकेट काढून मीटर ओहमवर लावावा, आणि त्याच पान्याने स्पिंडल हळूहळू फिरवावा. काटा सलग सरकला तर सेन्सर बरा. मध्येच उडी मारली, तर तो बदलावा. ही परीक्षा न करता आधी कंट्रोल युनिट बदलणं म्हणजे सगळ्यांत महाग अंदाज बांधणं, आणि तो बहुधा चुकतो.

कनेक्टर उघडले की अनेकदा हिरवा कीट दिसतो. दाबाच्या पाण्याने गाडी धुण्याची सवय याला मोठी कारणीभूत. पिना साफ करून वायरिंगसाठीचं खास ग्रीस लावलं, सील जागेवर बसवले, तर ओलावा लांब राहतो. त्यानंतरही गाडी लगेच मालकाच्या हाती देऊ नये. थंड इंजिनवर सुरळीत पडणारा गिअर तापल्यावर अडू शकतो; म्हणून गाडी खडबडीत वाटेवरून फिरवून आणावी, इंजिन तापू द्यावं, आणि मग पहिल्यापासून पाचव्यापर्यंत चढत-उतरत सगळे गिअर बटणावर तपासावेत.

आणि टूलकिट उघडून बघावं. वापरलेल्या गाड्यांत तो पाना बऱ्याचदा हरवलेला असतो. नसेल तर बिलात पहिली नोंद त्याची घालावी.