स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरची अहिंसा



धर्मानंद कोसंबी हे नाव माझ्या माहेरी आदराने घेतले जात नसे. १९४० च्या सुमारास आलेल्या 'भगवान बुद्ध' या त्यांच्या ग्रंथात प्राचीन श्रमणांच्या आहाराची चर्चा होती आणि तिच्यात आपल्या आगमांतले शब्दही ओढले गेले होते. जैन समाज फार दुखावला. त्या शब्दांचे अर्थ वनस्पतीचे आहेत असे आपले आचार्य सांगत आले, आणि माझी श्रद्धाही तिथेच आहे. पण ज्याच्यावर आपण रागावलो तो माणूस शेवटी कुठे पोहोचला, हे आपल्या घरांत कुणी सांगितले नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहिले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला. वाट आपल्या संलेखनेचीच.

मूळचा हा माणूस जुन्या वळणाच्या घरातला. १८७६ साली गोव्यात सांखवाळला, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात जन्म. शाळा थोडीच झाली, नारळीच्या बागेचे काम पाहिले. पुढे घर सोडून काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म शोधत नेपाळला गेले, तर तिथली त्याची अवस्था पाहून निराश झाले. १९०२ साली सिलोनमध्ये दीक्षा घेतली, काही वर्षांनी चीवरही उतरवले. अमेरिकेत हार्वर्डला पालीचे काम केले. १९२९ साली रशिया पाहिला. परत आल्यावर मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला. परंपरा, संघ, क्रांती, राजकारण असा एकेक आधार त्यांनी हात लावून पाहिला. जिथे पोकळ वाटला तिथे तसे लिहिले, मग आपले लोक रागावोत की परके.

त्यांचे १९३५ चे 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' आपल्याला झोंबते, ते वैदिकांवर टीका आहे म्हणून नव्हे. त्यात श्रमणांवरही टीका आहे. साधू राजाच्या आश्रयाला गेले, मठ-विहारांना जमिनी मिळाल्या, आणि मग त्या सांभाळायला राजाची तलवार लागू लागली. ज्याची तलवार आपले रक्षण करते त्याच्या लढाईला चूक कसे म्हणायचे? चातुर्यामाच्या पुस्तकात ते याच धाग्याने पुढे जातात. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह ही चार व्रते एकत्रच चालतात. अपरिग्रह सोडला की अहिंसा लंगडी होते. 'बोधिसत्त्व' या नाटकातही त्यांनी शाक्य-कोलियांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरचे भांडण मांडले आहे. युद्धाच्या मुळाशी त्यांना दिसले ते 'माझे' हा शब्द.

हे बाहेरच्या माणसाने सांगितले म्हणून मनाला लागत असेल, तर आपलेच आगम काय सांगतात ते पाहू. चेडा राजा आणि कोणिकाचे युद्ध आपण लहानपणापासून ऐकतो. कशावरून झाले ते? सेचनक हत्ती आणि अठरा सरांचा हार. दोन्ही दिराकडे आहेत, हे राणी पद्मावतीला सलले. तिने नवऱ्यापाशी धोशा लावला, कोणिकाने मागणी केली, हल्ल-विहल्ल आजोबांच्या, म्हणजे चेडा राजाच्या आश्रयाला गेले. आजोबा आणि नातू रणांगणावर समोरासमोर आले. एका घरातल्या माजघरात सुरू झालेला हेवा. भगवती सूत्राच्या सातव्या शतकात त्या दोन लढायांतल्या मृतांची संख्या ८४ लाख आणि ९६ लाख दिली आहे.

आणि लक्षात घ्या, चेडा राजा भगवंतांचा श्रावक, कोणिकही भगवंतांचा भक्त. भगवंतांनी कुणाच्याही सेनेला आशीर्वाद दिला नाही. रणात मरणारे स्वर्गाला जातात असे लोक म्हणतात, ते खरे का, असे गौतमस्वामींनी विचारले. भगवंतांनी ते मान्य केले नाही. रथमूसल संग्रामात पडलेल्या ९६ लाखांपैकी एक देवलोकात गेला आणि एक चांगल्या कुळात माणूस म्हणून जन्मला. बाकी सारे तिर्यंच आणि नरक गतीत. देवलोकात गेलेला तो वरुण. राजाज्ञेने लढायला गेला होता, पण जो आधी वार करील त्याच्यावरच वार करायचा, असा त्याचा नियम होता. जबर घाव बसल्यावर तो रणातून बाजूला झाला, दर्भावर बसला, आलोचना केली आणि संथारा घेतला.

सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला नावे ठेवावीत, असा याचा अर्थ मी काढत नाही. गृहस्थाची विरोधी हिंसा आपल्या शास्त्राला ठाऊक आहे, आणि आपल्या तालुक्यातल्या कित्येक आया मुलाच्या फोनची वाट पाहत रात्री काढतात. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. २०२५ च्या मे महिन्यातले ते चार दिवस आठवा. संध्याकाळी चौविहार, गाळलेले पाणी, भाजीतली अळी अलगद बाहेर. आणि हातातल्या मोबाईलवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये 'एकही शिल्लक ठेवू नका' असे संदेश, त्याखाली टाळ्यांच्या ओळी. शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने विचारले, "मम्मी, मुंगीला मिच्छामि दुक्कडम् म्हणायचे, मग यांना का नाही?" घरातल्या मोठ्यांनी त्याला गप्प केले. प्रश्न मात्र गप्प झाला नाही.

आपल्या आठव्या व्रताचे नाव अनर्थदंड विरमण. गरज नसताना केलेले पाप. त्याचे चार प्रकार आपण पाठ करतो, आणि पहिलाच अपध्यान, दुसऱ्याचे वाईट चिंतणे. सोफ्यावर बसून कुणाच्या तरी मुलांच्या मरणाची इच्छा करणे ही विरोधी हिंसा नाही. त्याने देशाचे रक्षण होत नाही, जवानाला बळ मिळत नाही. तो निव्वळ अनर्थदंड आहे. देशप्रेमाचे नाव दिले तरी कर्माच्या वहीत तो तसाच लिहिला जाणार.

पाथर्डीत राहून हे न कळणे मला शोभणार नाही. जवळच्या चिचोंडीत आचार्य आनंदऋषीजींचा जन्म झाला. त्यांच्याच प्रेरणेने १९३६ साली इथे धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. त्या परीक्षांना बसून आपल्यापैकी कितीजणी व्रतांचे अतिचार शिकल्या! उत्तरपत्रिकेत बारा व्रते लिहिणे सोपे. पण दिवाळीच्या आसपास आपल्याच तालुक्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या बायका उचल कशी फेडतात, आपल्या दुकानातला काटा आणि व्याजाचा आकडा त्यांच्याशी कसा वागतो, तिथे अस्तेय आणि अपरिग्रहाची परीक्षा असते. तिचा निकाल बोर्ड लावत नाही.

कोसंबींची सगळी मते मला पटत नाहीत, आणि पटायला हवीत असेही नाही. पण सत्ता आणि संपत्ती यांच्या सावलीत बसलेली अहिंसा हळूहळू फक्त ताटापुरती उरते, हे त्यांचे म्हणणे मी खोडू शकत नाही. म्हणून या पर्युषणात मी एक पचखाण जादा घेणार आहे. कुणाच्याही मरणाची इच्छा करणारा संदेश वाचून पुढे पाठवायचा नाही आणि त्यावर टाळीही द्यायची नाही. मुलाने विचारले तर त्याला वरुणाची गोष्ट सांगायची. आयंबिलापेक्षा हे सोपे दिसते, पण घरातली माणसे जोरात बोलत असताना ते पाळणे फार कठीण जाते. ज्यांना जमेल त्यांनी सोबत घ्यावे.